तोडेवालं गवत

आमच्या सोसायटीत माझ्या पाठीमागे मला गवतकाका म्हणतात, हे मला परवा नातीकडून कळलं. सकाळी पिंपळे गुरवच्या रस्त्यानं फिरायला निघालो की कंपाउंडच्या कडेला, ड्रेनेजच्या झाकणापाशी, कुठंतरी उगवलेल्या एखाद्या काडीपाशी माझे पाय थांबतात. मग मी गुडघ्यांची परवानगी काढून खाली बसतो, काडी दोन बोटांत धरतो आणि तिच्या पेरावरून अंगठा फिरवतो. एवढंच. नात म्हणाली, "आजोबा, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की तुम्ही पडलेली गोळी शोधताय." पोरीनं आजोबाची अब्रू वाचवायला खोटं सांगितलं याचं मला कौतुक वाटलं, आणि त्याच वेळी माझी मला लाजही वाटली. कारण गवतावरून खोटं बोलायची आमच्या घरातली रीत मीच घालून दिलेली आहे, आणि ती कशी पडली हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला मी माझे हसण्यासारखे गाढवपणे सांगितलेत, ते पुष्कळ आहेत. हा एक राखून ठेवला होता.

तेव्हा आम्ही चिखलीत भाड्यानं राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, बार्शीकडचं कोरडवाहू रान भावाच्या हवाली करून इकडं कंपनीत लागले होते. आमच्या दोन खोल्या हौसाआत्यांच्या घराला चिकटून होत्या. हौसाआत्या गावातल्या जुन्या घरातल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, दोन म्हशी. पहिल्या दिवशी आईनं त्यांना 'मालकीणबाई' म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मालकीण मी म्हशींची. तू मला वन्सं म्हण." त्या दिवसापासून त्या माझ्या आत्या झाल्या. आमच्या खोल्यांच्या एका बाजूला त्यांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये एक छोटं वर्कशॉप. एका बाजूनं रवंथ, दुसऱ्या बाजूनं पत्रा दाबणाऱ्या प्रेसची धप्प धप्प. आईची भाकरी थापायची लय हळूहळू त्या प्रेसशी जुळत गेली. लाइट जाऊन प्रेस बंद पडला की भाकरी एका अंगाला जाड होते, असा अण्णांचा दावा होता, आणि तो त्यांनी जेवताना काढला की आई म्हणायची, "मग प्रेसवाल्याकडनंच करून घ्या की. मला कशाला उठवायलाव?" घरात शेंगाची चटणी बार्शीची, ताक आत्यांचं, आणि म्हैस व्याली की खरवसाचं ताटही त्यांच्याकडूनच यायचं.

आत्यांच्या अंगणाच्या भिंतीवरून आणखी एक देवाणघेवाण चालायची. भिंतीपलीकडं त्यांचे धाकटे दीर राहायचे, तुकाआबा. त्यांचीही बायको गेलेली, मुलगी माण गावाला दिलेली, घरात ते आणि आठ शेळ्या. रोज संध्याकाळी कंपनीचा भोंगा झाला की तुकाआबा आवाज द्यायचे, "वहिनी, चूल पेटली का?" आणि आत्या आतून म्हणायच्या, "पेटली, पर तुमच्यासाठी न्हाई." मग भिंतीवरून दोन भाकऱ्या पलीकडं आणि शेळीच्या दुधाचा एक पेला अलीकडं. शेळीच्या दुधाला वास येतो असं आत्या रोज म्हणायच्या आणि रोज त्याच दुधाचा चहा प्यायच्या. मी त्या घरात राहत होतो तोवर हे एकही दिवस चुकलं नाही, असं लिहायला मला फार आवडलं असतं.

मला गवत शिकवलं ते आत्यांनी. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर भारा आणायला जायचो, तेव्हा त्या मधेच थांबून विळ्याचं टोक खाली दाखवायच्या. "काय दिसतंय?" "गवत." "गवत तर म्हशीलाबी दिसतंय. तू साळंत जातूस न्हवं?" मग शिकवणी. आधी काडी दोन बोटांत फिरवायची. तीन कडा लागल्या तर लव्हाळा, ते गवतच नव्हे. गोल लागली आणि पेरं असली तर गवत. मग पान खोडाला जिथं मिठी मारतं तिथं ते हलकेच मागं वाकवायचं. आत पातळ पापुद्रा असतो, त्याला त्या जीभ म्हणायच्या. कुणाची जीभ कागदासारखी, कुणाची नुसती केसांची झालर. मग पेर बघायचं, गुळगुळीत आहे की लवदार. मग तुरा. आणि शेवटी बूड. बुडाशी गेल्या सालची वाळकी धसकटं आहेत का, गड्डा आहे का, ते बघायचं. आणि तरी शंका राहिली तर एका हातानं ओढायचं. "सुटून आलं तर यंदाचं पाव्हणं. न्हाई आलं तर घरचं." पुढं कॉलेजात सरांनी वर्षायू आणि बहुवर्षायू असे दोन शब्द फळ्यावर लिहिले, तेव्हा मला हसू आलं होतं. एवढं सोपं इतकं अवघड करता येतं, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं.

गावाच्या मागं चढावर ऐन, पळस आणि धावड्याची थोडी झाडं राहिली होती. त्या झाडांखाली आत्यांच्या मालकीची एक पट्टी होती, फार तर गाडीभर गवत निघेल एवढी. तिथं त्यांचं लाडकं गवत होतं. गुडघ्याच्या वर जाणारं, दाट बुंध्याचं, टोकाला हाताच्या बोटांसारखे चार-पाच जांभळट तुरे एकाच ठिकाणाहून फुटलेले. आणि प्रत्येक पेराला पांढऱ्या केसांचं कडं. आत्या म्हणायच्या, "ह्याच्या पायात तोडे हायत. अंधारातबी हात लावला की कळतंय." पुस्तकात त्याला मारवेल म्हणतात, आमच्यात ते तोडेवालं. बाकीच्या रानातून त्या कधीही भारा आणायच्या, पण तोडेवाल्याला बी झडल्याशिवाय विळा लावायचा नाही, हा त्यांचा नेम. दिवाळी झाली की चार-पाच वेळा वर जाऊन तुरा तळहातावर चोळून बघायचा, आणि तो नुसता भुसा झाला की मग कापणी. तीही प्रत्येक झाडाच्या बुडाशी एक ठोंब तसाच ठेवून. ते वाळवून रचलेलं गवत व्यालेल्या म्हशीला. त्यानं दुधाला गोडी येते, असं त्या म्हणायच्या, आणि खरवस खाणाऱ्यानं त्यावर वाद घालायचं कारण नव्हतं.

आता माझ्याकडं येतो. पिंपरीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला मी वर्गात कुणीच नव्हतो. माझं बोलणं बार्शीचं, चप्पल अण्णांची. गणपती उठल्यावर सरांनी सांगितलं की प्रत्येकानं गवतांची फाइल करायची, वीस नमुने, वाळवून, कागदावर चिकटवून. आणि त्यात झाडांच्या सावलीतलं एक तरी मूळचं इथलं गवत हवं, मुळापासून तुऱ्यापर्यंत अख्खं. बाकीची एकोणीस कॉलेजच्या मैदानात आणि नाल्याच्या काठी मिळत होती. विसाव्याशी सगळे अडले. आणि मी, ज्याला कुणी पाणी विचारत नव्हतं, कँटीनमध्ये मोठ्यानं म्हणालो, "त्यात काय एवढं? मला जागा माहीत आहे." इतकी डोकी एकदम माझ्याकडं वळलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. "भावा, मला पण आण." "राव, दोन आण, एक खराब झालं तर." दोन मुलींनीही मागितलं, त्यांतली एक मला 'दत्ता' अशी चक्क नावानं हाक मारून बोलली. वर्गात त्रेचाळीस जण होते. मी म्हणालो, सगळ्यांना आणतो.

आत्यांच्या पट्टीवर जाऊन तोडेवाल्याचा एक ठोंब हातानं ओढून बघितला. तो अर्थातच आला नाही, घरचा होता. म्हणून मी तुकाआबांकडं कुदळ मागितली. "कशाला रं?" "कॉलेजात झाडं लावायचीत." वर्गातला शिंदे नावाचा एक दांडगा पोरगा बरोबर घेतला आणि दुपारभर आम्ही त्या पट्टीवर कुदळ चालवली. एका गड्ड्याचे दोन-तीन तुकडे होतील, मग बाकी राहील, असा माझा बेत होता. पण शिंदेच्या हातून गड्डे भलतीकडंच फुटायचे, एक तुरा मोडायचा, दुसऱ्याची पानं झडायची, आणि मी म्हणायचो, हे नको, चांगलं घे. बी अजून दुधात होतं. संध्याकाळी पोतं भरलं तेव्हा झाडांखाली उकरलेली तांबडी माती आणि मोडक्या काड्या एवढंच उरलं होतं. झाडाच्या बुडाशी ठेवायचा ठोंबही मी ठेवला नाही. तोच सगळ्यात देखणा होता, तो मी त्या नावानं हाक मारणाऱ्या मुलीला दिला. कुदळ परत केली तेव्हा तुकाआबांनी ती हातात फिरवली आणि दांडा बसतो तिथल्या फटीतून काहीतरी नखानं काढून बोटांत चोळलं. "लागली का झाडं?" "लागली." "बरं." मला तेव्हा वडापावची भूक लागली होती. वर्गानं तो मला आठवडाभर खिलवला.

आत्यांना हे लगेच कळायला हवं होतं. पण त्याच सुमाराला म्हशीनं त्यांच्या पायावर पाय दिला, पाऊल टम्म सुजलं, हाडवैद्यानं पट्टी बांधून चढ चढायचा नाही म्हणून ताकीद दिली. आता पट्टीवर कोण जाणार? "दत्तू, तुला समदं शिकीवलंय मी. जा, बघून ये, तुरा कसाय." मी जायचो. ऐनाखाली उकरलेल्या मातीकडं पाठ करून बसायचो, जरा वेळानं खाली यायचो. "तुरा कसाय?" "जांभळट." "बी?" "भरतंय." "पेराला हात लावलास का? तोडे पांढरे हायत न्हवं?" "पांढरेशुभ्र." कधी कधी मी इतकं बारकाईनं सांगायचो की मलाच ते गवत डोळ्यांपुढं डोलताना दिसायचं. मी पुढं नोकरीत पुष्कळ अहवाल लिहिले. इतका सुबक अहवाल पुन्हा जमला नाही. आत्या ऐकून समाधानानं पाऊल चोळत बसायच्या आणि आईला म्हणायच्या, "वैनी, तुझं पोरगं मन लावून करतंय बघ."

दिवाळी झाली. आत्या म्हणाल्या, आता तुरा तळहातावर चोळून भुसा आण, तसा मी विळा घेऊन माणूस धाडते. भुसा कुठून आणणार? मी वर गेलो, बसलो, आणि खाली येता येता मला समोर तुकाआबांच्या शेळ्या दिसल्या, पलीकडच्या उतारावर, नेहमीच्या जागी. त्या मला दिसल्या नसत्या तर काय बोललो असतो, याचा मी फार विचार केलाय. "आत्या," मी म्हणालो, "सगळं साफ झालंय. खाली लेंड्या पडल्यात. तुकाआबांच्या शेळ्या दिसल्या मला तिकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून भाकऱ्यांऐवजी शब्द गेले. "भाऊजी, आख्खं रान मोकळं हाय की तुमच्या शेळ्यांना! माझी एवढी पट्टीच गोड लागली?" तुकाआबा गोंधळून म्हणाले, "वहिनी, माझ्या शेळ्या तिकडं वळल्याच न्हाईत. मी सोता हुतो संगं." "मग काय पोरगं खोटं बोलंल?" मी दारात उभा होतो, तोंडात राखुंडी. तुकाआबांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "न्हाई. पोरगं कशाला खोटं बोलंल." आणि आत गेले. मला त्या वेळी काय वाटलं हे प्रामाणिकपणे लिहायचं तर, सुटलो असं वाटलं. मी चूळ भरली.

त्या संध्याकाळी भोंगा झाला, पण हाक आली नाही. आत्यांनी दोन भाकऱ्या जास्त टाकल्या होत्या, त्या आमच्याकडं आल्या. त्या खाताना अण्णा म्हणाले, आज प्रेस चालू होता वाटतं, कडा एकसारख्या आहेत. कुणी हसलं नाही. महिन्याभरात तुकाआबांनी शेळ्या विकल्या आणि दाराला कुलूप लावून मुलीकडं माणला गेले. जाताना भिंतीपाशी थांबले होते, आईनं पाहिलं. आत्या गोठ्यात होत्या, त्यांना ठाऊक होतं, त्या बाहेर आल्या नाहीत. त्यानंतर त्या चहा म्हशीच्याच दुधाचा करायच्या आणि अर्धा कप तसाच ठेवायच्या.

होळीच्या आधी प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक बारीक अंगाचे, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ होते. त्यांनी पहिली फाइल उघडली, दुसरी उघडली, आठवीला चष्मा काढून पुसला. त्रेचाळीस फायलींत तेच गवत, आणि त्रेचाळीस ठिकाणी खाली 'आयुष्य : वर्षायू'. मी पुस्तकातून उतरवताना खालच्या ओळीतल्या गवताची माहिती वरच्याला लावली होती आणि बाकी सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून ती उतरवली होती. माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्यांचं त्या वर्षी काही खरं नव्हतं. परीक्षक म्हणाले, "बुडाशी गेल्या सालची धसकटं दिसतायत, गड्डा कुदळीनं फोडलाय, आणि म्हणे वर्षायू! अख्ख्या वर्गानं मिळून एक गवत संपवलंत, वर त्याचं वयही चुकवलंत." सगळे हसले. मीही हसलो.

फाइल घरी आली. आत्या अंगणात बसल्या होत्या, पाय आता बरा होता. "दाव की तुझी गवतं. येवढं शिकीवलं, आमाला परीक्षा न्हाई व्हय?" मी खुशीत त्यांच्या मांडीवर फाइल ठेवली. इतका मूर्ख माणूस मी नंतर पाहिलेला नाही. आत्यांना अक्षर येत नव्हतं, पण त्या एकेक पान उलटत, काडीला बोट लावत नाव सांगत गेल्या. "हराळी. कुसळी. ह्यो लव्हाळा, ह्यो गवतात कशाला घातलास रं?" आणि मग त्या थांबल्या. तुऱ्यांचा जांभळा रंग उडाला होता, पण पेरावरचे केस तसेच पांढरे होते. त्यांनी त्यावर अंगठा ठेवला. मग अंगठा हळूहळू खाली नेला, धसकटांवरून, गड्ड्यावर, जिथं लोखंडाचा तिरका घाव होता तिथपर्यंत. पलीकडं प्रेस चालू होता.

"दत्तू," त्या म्हणाल्या, "बकरीला कुदळ धरता येती का रं?"

मी म्हणालो, ते दुसरीकडचं आहे. त्यांनी मुळात अडकलेला एक तांबडा खडा नखानं काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. त्यांच्या पट्टीशिवाय गावात तसली माती नव्हती. मग फाइलची नाडी बांधली, नीट गाठ मारली. "माणला जा. मी काय बोलणार न्हाई, तुझ्या आईबापालाबी न्हाई. तू भाऊजींना सांग."

रविवारी मी दोन बस बदलून माणला गेलो. आता तिथं काचेच्या इमारती आहेत आणि माझा भाचा त्यांतल्या एकीत बसतो. तेव्हा बाजरी आणि कांदा होता. बसमध्ये मी वाक्य पाठ केलं होतं. तुकाआबा मुलीच्या दारात सुंभ वळत बसले होते. मला बघून पहिल्यांदा काय विचारलं तर, "वहिनीचा पाय कसाय?" मी पाठ केलेलं वाक्य काढलं, पण ते पुरं व्हायच्या आत म्हणाले, "कुदळीत मूळ अडकलं व्हतं की. तोडेवाल्याचं मूळ मला कळत न्हाई व्हय?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"काय बोलू? वहिनी रागाची. तुमचं बिऱ्हाड त्याच दिशी उठवती. तुझा बा शिफ्टला, तुझी आई भांडीकुंडी घिऊन कुठं हिंडणार हुती?" त्यांनी सुंभाला पीळ दिला. "गवताचं काय न्हाई, दत्तू. गड्डा थोडा जरी ऱ्हायला तरी येतंय ते. चाळीस वर्सं मी तिच्या हातची भाकरी खाल्ली, आन तिला माझ्यापरीस तुझा शबुद मोठा वाटला. ते लागलं."

"त्यांना आता कळलंय, आबा."

"कळणं येगळं. तू बोल. तिच्या म्होरं, माझ्या म्होरं. पाडव्याला येतो मी."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो.

पाडव्याला ते आले. धोतर नवं, हातात आत्यांसाठी शेजाऱ्याच्या शेळीचं तांब्याभर दूध. आईनं आणि आत्यांनी मिळून पुरणपोळ्या केल्या होत्या, पंगत आमच्या खोलीत. मी, अण्णा, तुकाआबा. आत्या वाढायला. मला वाटलं होतं, आत्या, आबा आणि मी असे तिघंच असू. अण्णा माझ्या शेजारी बसले होते, त्या महिन्यात त्यांनी मला घड्याळ घेतलं होतं, आणि ते तुकाआबांना सांगत होते की आमचा दत्ता फर्स्ट क्लासला आहे. मी म्हटलं, जेवण होऊ दे. मग म्हटलं, भात होऊ दे. तुकाआबांनी दोनदा माझ्याकडं बघितलं. शेवटी त्यांनीच सुरुवात करून दिली, जशी मास्तर अडलेल्या पोराला पहिला शब्द देतात तशी. "झालं गेलं, वहिनी. शेळीची जातच खादाड." आणि थांबले. आत्या कटाची आमटी घेऊन उभ्या होत्या, त्याही थांबल्या. प्रेसला सणाची सुट्टी होती. खोलीत फक्त अण्णांच्या चावण्याचा आवाज.

"दत्तू," आत्या म्हणाल्या, "तुला काय पायजे का?"

सगळे माझ्याकडं बघत होते. अण्णासुद्धा, हसऱ्या तोंडानं.

"आमटी," मी म्हणालो.

आत्यांनी वाढली. काठोकाठ वाढली. तुकाआबा म्हणाले, "आमटी झ्याक झालीया," आणि हात धुवायला उठले. संध्याकाळच्या बसनं ते माणला परत गेले. आत्यांनी फडक्यात दोन भाकऱ्या बांधून दिल्या, त्या त्यांनी घेतल्या. पुढं ते सणावारी यायचे, पण पाहुण्यासारखे, आणि निघताना घड्याळ बघायचे. भिंतीवरची हाक काही परत आली नाही. ते माणलाच वारले. आत्या त्यानंतर आणखी काही वर्षं होत्या, माझ्या लग्नात हळद त्यांनीच लावली, माझ्या पोरीला खरवस त्यांनीच भरवला. पण मला त्यांनी पुन्हा कधी पट्टीवर पाठवलं नाही, आणि पुन्हा कधी कुठल्या गवतापाशी थांबून "काय दिसतंय?" असं विचारलं नाही.

हे लिहायला घेतलं आणि परवा चिखलीला जाऊन आलो. रिक्षावाल्याला पत्ता सांगता येईना, कारण माझ्या खुणा सगळ्या गेल्यात. आमच्या खोल्यांच्या जागी पावडर कोटिंगचा कारखाना आहे, चढ कापून त्यावर सोसायटी उभी आहे. मागच्या कंपाउंडला लागून तीन ऐन मात्र राहिलेत. मी त्यांच्याखाली गेलो. कचरा होता, बाटल्या होत्या, बाहेरचं तण होतं, आणि एका ऐनाच्या मुळाशी, भिंतीला टेकून, एक ठोंब. गुडघ्यांची परवानगी काढून खाली बसलो. काडी गोल. तुरे चार, एका ठिकाणाहून फुटलेले. तुरा तळहातावर चोळला, बी झडून गेलं होतं, नुसता भुसा. पेरावर अंगठा फिरवला. बुडाशी गेल्या सालची धसकटं, त्याखाली त्याच्या आदल्या सालची.

वॉचमन काठी घेऊन आला. लातूरकडचा असावा. "काय हरवलंय का, काका?"

गोळी, असं तोंडाशी आलं होतं. "नाही," मी म्हणालो. "इथलं गवत मी उपटलं होतं. आणि शेळ्यांवर घातलं."

"कधी?"

"लहान होतो."

त्यानं जरा माझ्याकडं, जरा ठोंबाकडं बघितलं. "हे तर हायच की हितं," तो म्हणाला, आणि गेटाकडं गेला.

मी ठोंब एका हातानं धरला आणि ओढून बघितला. आला नाही. दोन्ही हातांनी ओढला. मग सोडून दिला, आणि भिंतीला धरून उठलो.